अ‍ॅम्प रिक्षा स्टँडवर

मार्शल कंपनीचा ‘१९५९’ हा जगप्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर १९५९ साली निघालेला नाही. तो निघाला १९६५ साली. १९५९ हा नुसता कॅटलॉगातला नंबर. ही माहिती मी आजवर लग्नांत, बारशांत आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असतानाही दिलेली आहे. जिम मार्शल हा मुळात गिटारवाला नव्हेच, ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा माणूस. १९६० साली त्याने लंडनच्या हॅनवेल भागात दुकान काढलं, १९६२ मध्ये त्याच्या माणसांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवरून पहिला अ‍ॅम्प बनवला, आणि मग गिऱ्हाईक पोरं ‘अजून मोठा, अजून मोठा’ करत राहिली म्हणून मामला शंभर वॅटपर्यंत गेला. हे सगळं मला मुखोद्गत आहे. एफ कॉर्ड तेवढी वाजत नाही. म्हणजे, सहापैकी चार तारा वाजतात. उरलेल्या दोन ‘ठप्प’ म्हणतात.

पन्नाशीला टेकल्यावर आमच्या वर्गातली निम्मी मुलं मॅरेथॉन पळायला लागली, काही शेअर बाजारात बुडाली. मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. याचं मूळ कॉलेजच्या दिवसांत आहे. मुंबईला रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ ऐकायला मित्रांबरोबर गेलो होतो. स्टेजच्या मागच्या बाजूला पुरुषभर उंचीचे अ‍ॅम्प रचलेले, आणि त्यांतून पहिला सूर निघाला तो कानांतून न येता थेट बरगड्यांतून आत शिरला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांपायी रंगभवनातल्या या मैफली बंद पडल्या. माझ्या बरगड्यांपर्यंत ते कायद्याचं पत्र बहुधा पोचलं नाही.

पंचाईत अशी की तो जो जळका, खरखरीत, ओरखडा काढणारा आवाज आहे, तो अ‍ॅम्पचा गुण नसून दोष आहे. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की तो लहरीचे शेंडे छाटून टाकतो, आणि त्या छाटाछाटीलाच लोक ‘टोन’ म्हणतात. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर ‘यू रिअली गॉट मी’साठी स्पीकरचा कागदी कोन दाढीच्या पात्याने चिरला होता. पण व्हॉल्व्हला घाम फुटायचा तर आवाजाचं बटण पार उजवीकडे न्यावं लागतं. शंभर वॅटचा नको, मी आपला सेकंडहँड पंधरा वॅटचा घेतला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की वॅट दहापट कमी केले तरी कानाला आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. माझा अ‍ॅम्प नुसता गरम होतानाच त्याच्या आसपास असावा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘सर्व सदनिकाधारकांस कळविण्यात येते की, फरशी कापण्याचे काम दुपारी १ ते ४ या वेळेत करू नये. तिसऱ्या मजल्यावरील संबंधितांनी नोंद घ्यावी.’

तिसऱ्या मजल्यावर संबंधित मी एकटाच होतो. मी ब्लूजमधला एक अत्यंत हळवा तुकडा वाजवत होतो.

अ‍ॅम्प विकला. मग भाच्याने, जो इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेटल बँडमध्ये आहे आणि ज्याचे केस माझ्या पुतणीपेक्षा लांब आहेत, मला सॉफ्टवेअरचा मार्ग दाखवला. “मामा, खरा अ‍ॅम्प कोण ठेवतं आता घरात? सगळं लॅपटॉपमध्ये.” हा प्रकार नवा नाही. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा ‘पॉड’ आला, २००२ मध्ये ‘अ‍ॅम्प्लिट्यूब’, २००४ मध्ये ‘गिटार रिग’. आता तर ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ नावाचं स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं सॉफ्टवेअर चक्क फुकट आहे: खऱ्या अ‍ॅम्पमधून काही मिनिटांचा ठराविक आवाज सोडायचा, पलीकडून काय बाहेर पडतं ते संगणकाला ऐकवायचं, आणि संगणक त्या अ‍ॅम्पची नक्कल शिकतो. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले अ‍ॅम्प असे शिकवून ठेवले आहेत. म्हणजे कुणाच्या तरी तळघरातला मार्शल कोथरूडच्या माझ्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, हेडफोनमधून, शेजाऱ्यांना पत्ता न लागता.

पहिल्या रात्री मी गिटार वाजवली नाही. वेळच मिळाला नाही. आधी अ‍ॅम्प निवडायचा. ते झालं की स्पीकरचं खोकं निवडायचं. मग त्या खोक्यासमोर माइक ठेवायचा. पडद्यावर स्पीकरचं चित्र येतं आणि त्यापुढचा शुअर एसएम५७ माउसने सरकवता येतो. मधोमध ठेवला तर आवाज कर्कश, कडेला नेला तर मवाळ. मी तो माइक केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे करत पहाट केली. मधूनमधून एकच तार छेडून डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची, आणि पुन्हा माउस. गवयाने तानपुरा लावता लावता मैफल संपवावी तसं, फक्त माझ्या बाबतीत तानपुराही दुसऱ्याचाच होता.

वाजवायला घेतल्यावर निराळंच संकट उभं राहिलं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून गिटारच्या जाड पिनेला लॅपटॉपच्या बारीक भोकात बसवणारा जोड आणला होता. तार छेडली. काही नाही. ‘बंद आहे’ म्हणेपर्यंत सूर आला. दुसरी तार छेडली तेव्हा कानात पहिलीच वाजत होती. याला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाजाचे तुकडे गोळा करतो, पिशवी भरली की हिशेब करतो, मग बाहेर सोडतो; पिशवी मोठी तेवढा उशीर. त्यात विंडोजच्या नेहमीच्या रस्त्याने गेलं की आवाज चार टेबलांवरून सही घेत फिरतो.

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो, कारण हिशेब मला येतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. माझा उशीर जवळजवळ अर्धा सेकंद. म्हणजे माझा अ‍ॅम्प माझ्यापासून १७० मीटरवर ठेवलेला आहे असं समजायचं. खिडकीतून पाहिलं. १७० मीटरवर रिक्षा स्टँड आहे. गिटार तिसऱ्या मजल्यावर आणि अ‍ॅम्प रिक्षा स्टँडवर, अशा स्थितीत हेंड्रिक्सलाही ताल राखता आला नसता, हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग रिक्षा करून जा.”

ऑडिओ इंटरफेस नावाची एक डबी विकत घेतली. तिच्याबरोबर स्टाइनबर्गने ठरवून दिलेल्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर येतो. तो मधली सगळी टेबलं टाळून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये घुसतो. पिशवी १२८ तुकड्यांची केली. सेकंदाला ४४,१०० तुकड्यांच्या हिशेबाने तो उशीर होतो २.९ मिलिसेकंद, जाताना, येताना आणि किरकोळ धरून दहाच्या आत. अ‍ॅम्प रिक्षा स्टँडवरून उचलून थेट हॉलमधल्या टीव्हीपाशी आणल्यासारखं झालं. हाव सुटली म्हणून पिशवी ३२ची केली, तर लॅपटॉपचा पंखा सुसाट सुटला आणि हेडफोनमध्ये फोडणीची मोहरी तडतडू लागली. परत १२८. त्यानंतर एकदा वायर पायात येते म्हणून मुलीचे ब्लूटूथ हेडफोन लावले. ब्लूटूथ आपल्या पदरचे दोनएकशे मिलिसेकंद घालतं. अ‍ॅम्प पुन्हा घराबाहेर पडला आणि या वेळी क्लबहाउसपाशी जाऊन थांबला.

मध्यंतरी आवाज फारच मेंगळट येत होता. मी एकामागून एक अ‍ॅम्प बदलले, माइक बदलले, शेवटी तारा बदलल्या. त्या डबीवर ‘इन्स्ट’ लिहिलेलं बारकं बटण असतं. गिटारच्या पिकअपचा सिग्नल अशक्त. त्याला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा अडथळा लागतो, नाहीतर वरच्या पट्टीतली धार मरून जाते. ते बटण दाबायचं असतं. मुलीने दाबलं.

रात्री दहानंतर हेडफोन लावून, दार लावून, सगळे नियम पाळून मी वाजवू लागलो. तरीही एका रात्री बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, अंगात स्वेटर. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली आहेत, पण टेस्टर अजून शर्टाच्या खिशात असतो.

“तुमच्याकडे रात्रीचं काही कुटतात का?” त्यांनी विचारलं.

माझ्या लक्षात आलं. हेडफोन लावले की बाहेरचं ऐकू येत नाही, त्यात स्वतःचा पायही आला. मी टाचेने ताल धरत होतो आणि तो थेट काकांच्या पलंगावर उतरत होता. मी क्षमा मागितली. म्हणालो, उद्यापासून पायाखाली गोधडी घालतो.

“आवाजाचं काही नाही हो,” काका म्हणाले. “ठोका एकसारखा असता तर झोप लागून गेली असती. मी पुढच्याची वाट बघत जागा राहतो.”

आत आले, बसले, लॅपटॉपकडे पाहू लागले. पडद्यावर अ‍ॅम्पचं चित्र होतं, जाळीमागे व्हॉल्व्ह लाल होऊन तेवत होते. मी हौसेने सांगितलं की हा व्हॉक्स एसी३०, बीटल्सवाल्यांचा, यात चार ईएल८४ व्हॉल्व्ह असतात. काकांचा चेहरा उजळला. “ईएल८४? अहो, तो जुन्या रेडिओंत असायचा! आमच्याकडे एकच होता. त्याच्यावर बुधवारी बिनाका लागायचं, वाडा गोळा व्हायचा.” मग जरा थांबून, “आणि हे इथे खरंच तापतात?”

“नाही, चित्र आहे.”

“मग पेटलेले कशाला दाखवलेत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय बदलला आणि गिटारमधून येणाऱ्या गुणगुणीची तक्रार सांगितली. वाजवायचं थांबलं की कानात सतत ‘घूंऽऽ’. काकांनी हेडफोन एका कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, “पन्नास सायकल.” निदान झालं होतं. चार्जर काढायला लावला, गुणगुण निम्म्याने उतरली. लावला, चढली. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, विचारलं. येत होत्या, मी त्यांचा संबंध संगीताशी लावत होतो. काकांनी टेस्टर काढून पत्र्याला टेकवला, दिवा लागला. मग स्क्रू ड्रायव्हर मागून एक्स्टेंशन बोर्ड उघडला. आत हिरवी वायर कुठेच न जोडता, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, कोपऱ्यात बसवलेली होती. “अर्थिंग फक्त दाखवायला,” काका म्हणाले आणि ज्या कोणी तो बोर्ड भरला त्याच्या गुरूबद्दल दोन शब्द बोलले. वायर जोडली. ‘घूंऽऽ’ चं ‘घुं’ झालं. जे राहिलं ते माझ्या गिटारच्या एकेरी वेटोळ्यांच्या पिकअपचं. त्यावरचा इलाज गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्येच काढला होता, उलटसुलट दोन वेटोळी शेजारी बसवायची की गुणगुण आपसात कटते. तशी गिटार मी घेतली नव्हती, कारण ही निळी होती.

काका आता रंगात आले होते. पडद्यावरच्या एकेका बटणावर बोट ठेवून विचारू लागले. एका सॉफ्टवेअरमध्ये खोल आत एक बटण आहे, त्यावर ‘हम’ लिहिलेलं असतं.

“हे गुणगुण कमी करायचं?”

“नाही. हे वाढवायचं.”

काकांनी चष्मा काढला.

मी समजावलं की जुन्या अ‍ॅम्पमध्ये विजेची गुणगुण थोडी मिसळायचीच; ती नसली तर आवाज खरा वाटत नाही, म्हणून इंजिनिअरांनी मेहनत घेऊन ती मोजून आत घातली आहे. शेजारचं बटण आहे ते जोरात वाजवल्यावर पुरवठ्याचा दाब खाली बसायचा त्याचं. तेही घातलंय.

“दाब बसायचा तोही घातलाय,” काका म्हणाले. “विकत?”

“सवलतीत मिळालं.”

“आम्ही जन्मभर पगार घेतला तो हेच घालवायला,” असं म्हणून ते उठले. दारात वळून म्हणाले, “गोधडी चौघडी करा.”

या सगळ्या काळात घरच्यांना माझं संगीत कसं ऐकू येत होतं, याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या कानात रंगभवन भरलेलं असायचं: मागे भिंतभर मार्शल, वर प्रतिध्वनी, सूर ताणला की तो पार चर्नी रोडपर्यंत जायचा. मुलीने एकदा दाराच्या फटीतून मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि ‘बाबा लाइव्ह’ असं लिहून ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. त्यात एक टक्कल पडत चाललेला गृहस्थ, पाठीला बाक, डोळे घट्ट मिटलेले, खालचा ओठ बाहेर, एक पाय चौघडी गोधडीवर. आवाज असा: टिक्. टिक् टिक्. मोठा श्वास. टिक्. मध्येच कुकरची शिट्टी, ती मात्र तालात. माझी इलेक्ट्रिक गिटार पोकळ नाही, त्यामुळे वायरीशिवाय ती तेवढीच वाजते. शेवटी गृहस्थ दोन्ही हात वर करून कुणाला तरी अभिवादन करतो. समोर कपाट आहे.

मेहुणीचा लगेच फोन आला, “जिजूंना बरं नाहीये का?”

बायकोने सांगितलं, “बरे आहेत. रियाज चाललाय.”

त्यावर पुरावा म्हणून मी माझं खरं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचं ठरवलं. ताल थोडा इकडेतिकडे वाटत होता, पण त्याचं कारण मला माहीत होतं: लेटन्सी. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, डीआय पाठव.” डीआय म्हणजे अ‍ॅम्प न लावलेली, उघडीबोडकी गिटार. सॉफ्टवेअर तीच साठवून ठेवतं; तिच्यावर अ‍ॅम्पचे कपडे मागाहून कितीही वेळा चढवता येतात. मी ती कधी ऐकली नव्हती. पाठवण्याआधी ऐकली. मग बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो, आणि तरीही पाठवली.

भाच्याने मनापासून काम केलं. माझा तोच तुकडा त्याने आधी फेंडर ट्विन रिव्हर्बमधून काढला, मग एसी३०मधून, मग १९५९ (निघाला १९६५) मधून, आणि शेवटी त्याच्या बँडच्या एका अमेरिकी अ‍ॅम्पमधून, ज्याने माझा हळवा ब्लूजसुद्धा मारामारीवर आणला. चारही अ‍ॅम्प उत्तम होते. चारही अ‍ॅम्प तिसऱ्या बारला एकाच जागी अडखळले.

“मामा,” त्याने फोनवर सांगितलं, “लेटन्सी सॉफ्टवेअर वजा करतं. ती धरायचीच नाही. ती जाऊन तू बीटच्या सत्तर मिलिसेकंद मागे आहेस.”

“मग ते सत्तर कुणाचे?”

“तुझे.”

मी फोन ठेवून हिशेब केला. सत्तर मिलिसेकंद म्हणजे चोवीस मीटर. अ‍ॅम्प केव्हाच घरी येऊन बसला होता. खाली पार्किंगमध्ये मी उभा होतो.

संध्याकाळी त्याने आणखी एक फाइल पाठवली, सोबत डोळा मारणारं चित्र. हॉलमधल्या स्पीकरवर लावली. सुंदर वाजत होतं. प्रत्येक सूर जागच्या जागी, तिसरा बार सरळसोट, एफ कॉर्डच्या सहाच्या सहा तारा. भाच्याने माझ्या सुरांचे तुकडे करून एकेक ओढून रेघेवर बसवला होता, आणि ‘ठप्प’ वाजणाऱ्या दोन तारा स्वतःच्या गिटारवर वाजवून आत घातल्या होत्या.

बायको सोसायटीच्या हिशेबाच्या वह्या घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

“हा कोण?”

“आहे एक पुण्यातलाच,” मी म्हणालो.

“असं वाजवायचं असतं बघ. किती स्वच्छ. तू याच्याकडे क्लास का लावत नाहीस?”

“विचारतो.”

“फी किती घेतो?”

मी अ‍ॅम्पमध्ये गेलेला तोटा, डबी, हेडफोन, तपकीर गल्लीतले जोड, सवलतीत घेतलेली गुणगुण आणि निळ्या गिटारची मनातल्या मनात बेरीज केली.

“बरीच घेतो,” मी म्हणालो.

“घेऊ दे की,” ती पुन्हा वहीत डोकं घालत म्हणाली. “वेळेत तरी वाजवतो.”